वटहुकूम : सहा आठवडे आणि बारा वर्षे

१८ ऑक्टोबर १९८३. दसरा नुकताच झाला होता, दिवाळी तोंडावर होती आणि मुंबईतल्या गिरणी संपाला एकवीस महिने होऊन गेले होते. त्या दिवशी राष्ट्रपतींच्या सहीने एक वटहुकूम निघाला आणि मुंबईतल्या तेरा कापड गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्र सरकारच्या हाती गेले. एल्फिन्स्टन, फिनले, गोल्ड मोहर, जाम, कोहिनूर, मधुसूदन, न्यू सिटी, पोदार, सीताराम, टाटा ही त्यांतली नावे लालबाग, परळ, नायगाव, दादर या भागांत राहणाऱ्याला पाठ असतात. बसच्या थांब्यांना आणि गल्ल्यांनाही ती चिकटलेली आहेत. संसदेचे अधिवेशन तेव्हा चालू नव्हते. ते भरल्यावर, डिसेंबरमध्ये, वटहुकुमाच्या जागी त्याच आशयाचा अधिनियम आला.

या कायद्याच्या दीर्घ शीर्षकात एक छोटा शब्दप्रयोग आहे. गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घ्यायचे ते कुठवर? तर त्यांचे राष्ट्रीयीकरण ‘होईपर्यंत’. हे ‘होईपर्यंत’ जवळजवळ बारा वर्षे चालले. जो अधिकार राज्यघटनेने संसद भरल्यापासून सहा आठवड्यांत संपणारा म्हणून दिला, त्यातून सुरू झालेली एक तात्पुरती अवस्था कामगाराच्या उरलेल्या नोकरीएवढी लांबली. ते कसे घडले, हे समजण्यासाठी आधी शब्द नीट लावून घ्यावे लागतात. गिरणगावाच्या इतिहासाची चर्चा आपण माणसांच्या आणि मोर्चांच्या अंगाने पुष्कळ केली आहे. कायद्यातल्या शब्दांच्या अंगाने ती फारशी झालेली नाही.

शब्दांची उतरंड

बोलण्यात आपण ‘सरकारने वटहुकूम काढला’ असे सरसकट म्हणतो. पोलीस आयुक्तांनी जमावबंदी केली तरी वटहुकूम, मंत्रालयातून एखादा निर्णय आला तरी वटहुकूम. कायद्याच्या भाषेत यांतली प्रत्येक गोष्ट निराळी आहे.

‘वटहुकूम’ आणि ‘अध्यादेश’ हे एकाच वस्तूचे दोन शब्द. पहिला वर्तमानपत्रांच्या आणि लोकांच्या तोंडचा, दुसरा संस्कृत घडणीचा, राजपत्रातला. विधिमंडळाचे अधिवेशन नसताना, तातडीची गरज आहे अशी खात्री झाल्यावर, केंद्रात राष्ट्रपतींनी अनुच्छेद १२३ खाली आणि राज्यात राज्यपालांनी अनुच्छेद २१३ खाली केलेला कायदा म्हणजे अध्यादेश. ‘खात्री’ त्यांची म्हटली तरी सल्ला मंत्रिमंडळाचा असतो. अध्यादेशाचे बळ कायद्याइतकेच. आयुष्य मात्र मोजके. अधिवेशन भरले की तो सभागृहापुढे ठेवावा लागतो. भरल्यापासून सहा आठवडे गेले की तो आपोआप संपतो. सभागृहाने नामंजूर केला तर त्याआधीच संपतो, आणि सरकार तो कधीही मागे घेऊ शकते. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू द्यायचे नाही असा घटनेचा दंडक असल्याने, सहा महिने आणि सहा आठवडे ही त्याच्या आयुष्याची कमाल मर्यादा.

विधिमंडळापुढे मांडलेला मसुदा ते विधेयक. तो मंजूर होऊन राष्ट्रपतींची वा राज्यपालांची संमती मिळाली की अधिनियम. अधिनियमाने दिलेल्या अधिकारात सरकार करते ते नियम, आणि महामंडळासारखी एखादी संस्था करते ते विनियम. महापालिका करते ते उपविधी. मुंबई महापालिकेला तो अधिकार १८८८ च्या अधिनियमाच्या कलम ४६१ ने मिळाला आहे. अमेरिकेत शहराच्या नगरपरिषदेने केलेल्या स्थानिक कायद्याला ‘ऑर्डिनन्स’ म्हणतात. म्हणजे तिकडचा ऑर्डिनन्स हा आपल्याकडच्या उपविधीच्या जवळचा, वटहुकुमाच्या नव्हे. इंग्रजी शब्द एक असला तरी तिथे तो निवडून आलेल्या सभेने केलेला असतो, इथे सभा भरलेली नसताना.

अधिसूचना म्हणजे राजपत्रात छापून केलेली अधिकृत जाहिरात. नियम, नेमणुका, कायदा लागू होण्याच्या तारखा तिच्यातून कळतात. शासन निर्णय आणि परिपत्रक ही प्रशासनाची आपल्या यंत्रणेला दिलेली दिशा. पोलीस आयुक्तांचा असतो तो मनाई हुकूम, आणि तो आधीपासून अस्तित्वात असलेल्या कायद्याखाली निघतो. वटहुकूम या सगळ्यांहून वेगळा, कारण तो स्वतःच कायदा असतो. गिरगावात, चर्नी रोड स्थानकाजवळ, शासकीय मध्यवर्ती मुद्रणालय आहे. राज्याचे राजपत्र छापणारे हे मुद्रणालय आणि विधानभवन यांच्यात दोन-तीन किलोमीटरचे अंतर. वटहुकूम हे अंतर मधल्यामध्ये गाळतो. चर्चा, दुरुस्त्या, मतदान काहीही न होता सहीचा कागद थेट छापखान्यात येतो.

बेटावरचा कायदा, बेटाबाहेरचा कायदा

हा शब्द मुंबईत घटनेच्या कितीतरी आधी आला. १८०७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने मद्रास आणि मुंबईच्या गव्हर्नरांना आपापल्या शहरांच्या बंदोबस्तासाठी ‘रूल, ऑर्डिनन्स अँड रेग्युलेशन’ करण्याचा अधिकार दिला. या तिन्ही शब्दांचे मिळून एकच नाव होते. असा कायदा मुंबईत राजाच्या न्यायालयात, म्हणजे त्या वेळच्या रेकॉर्डर्स कोर्टात, नोंदवला गेल्याशिवाय लागू होत नसे. गव्हर्नराच्या कलमावर न्यायालयाची एवढी तरी चौकट होती.

बेटाबाहेर, ठाणे-पुण्याकडे, कायद्याचे नाव आणि रीत दोन्ही वेगळी. तिथे ‘रेग्युलेशन्स’ चालत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत, १८२७ मध्ये, त्यांची संहिता झाली. म्हणजे गिरगावातला माणूस एका तऱ्हेच्या कायद्याखाली आणि खाडीपलीकडचा त्याचा भाऊ दुसऱ्या. १८३३ च्या सनदी कायद्यानंतर कायदे करण्याचा अधिकार कलकत्त्याला एकवटला आणि ‘अ‍ॅक्ट’ हा शब्द रूढ झाला.

आज आपण ज्याला वटहुकूम म्हणतो त्याचा खरा पूर्वज १८६१ चा. त्या वर्षीच्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टने गव्हर्नर जनरलला आणीबाणीच्या प्रसंगी एकट्याने ऑर्डिनन्स काढण्याची मुभा दिली. मुदत सहा महिने. उठावानंतरच्या चार वर्षांत तयार झालेली ही तरतूद. तिच्या मुळाशी भीती होती, आणि भीतीच्या प्रत्येक प्रसंगी ती बाहेर निघाली.

ऑर्डिनन्स राज

गिरणगावाची वटहुकुमाशी पहिली मोठी गाठ १९२९ मध्ये पडली. त्याआधीच्या वर्षी, एप्रिल ते ऑक्टोबर १९२८, मुंबईच्या गिरण्या संपाने बंद होत्या आणि त्या संपातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. सरकारने बाहेरच्या देशांतून आलेल्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांना हद्दपार करता यावे म्हणून ‘पब्लिक सेफ्टी बिल’ आणले. फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली हे गिरणी कामगारांत वावरणारे दोन इंग्रज सरकारच्या नजरेसमोर होते. सप्टेंबर १९२८ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मते समसमान पडली, अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी आपले मत विरोधात टाकले आणि बिल पडले.

ते पुन्हा आणले गेले. मधल्या काळात, २० मार्च १९२९ रोजी, मेरठ कटाच्या आरोपावरून डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे, युनियनचे अध्यक्ष आळवे आणि त्यांच्यासोबत स्प्रॅट-ब्रॅडलीही पकडले गेले. ८ एप्रिलला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकला. ११ एप्रिलला विठ्ठलभाईंनी निर्णय दिला की बिलाचा विषय आणि मेरठचा खटला एकमेकांत इतके गुंतले आहेत की खटला चालू असताना बिलावर चर्चा होऊ शकत नाही. दोन दिवसांनी, १३ एप्रिलला, व्हाइसरॉय आयर्विन यांनी तोच आशय वटहुकुमाने लागू केला. सभागृहाने एकदा नाकारलेला आणि अध्यक्षांनी एकदा थोपवलेला मजकूर एका सहीने कायदा झाला. तातडीसाठी म्हणून दिलेल्या अधिकाराचा उपयोग सभागृहाला वळसा घालण्यासाठी कसा होतो, याचा हा धडा होता.

पुढच्या वर्षी कायदेभंग सुरू झाला आणि वटहुकुमांची रीघ लागली. एप्रिल १९३० मध्ये छापखान्यांवर, मे महिन्यात पिकेटिंग आणि ‘चिथावणी’वर, त्याच महिन्यात सोलापूरसाठी लष्करी कायद्याचा खास वटहुकूम. ऑक्टोबरच्या बेकायदा संघटनांविषयीच्या वटहुकुमाने अशा संघटनेच्या जागेचा ताबा घेण्याची आणि चीजवस्तू जप्त करण्याची मुभा दिली. गिरगाव भागातल्या काँग्रेस हाउससारख्या इमारती तिच्या थेट टप्प्यात आल्या. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे गावदेवीतल्या मणिभवनातून गांधीजींना अटक झाली आणि त्याच दिवशी एकदम चार वटहुकूम निघाले. ‘ऑर्डिनन्स राज’ हा शब्द त्या काळाने दिला.

दुसऱ्या महायुद्धात सहा महिन्यांची मुदतही काही काळ उठवली गेली. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडली. त्या काळातले काही वटहुकूम संपलेच नाहीत. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करण्यासंबंधीचा १९४४ चा वटहुकूम स्वतंत्र भारतातही चालू राहिला.

परळचा रहिवासी, घटनेचा मसुदा

या ऑर्डिनन्स राजच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळला, पोयबावाडीच्या बीआयटी चाळीत राहत होते. कचेरी दामोदर हॉलमध्ये होती. पुढे ते दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृहा’त आले. वटहुकूम कामगार वस्तीत उतरतो तेव्हा कसा दिसतो, हे मसुदा समितीच्या अध्यक्षाला पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. शिवाय १९३८ मध्ये, संपावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांनी मुंबई विधानसभेत भाषण केले होते आणि ७ नोव्हेंबरच्या एक दिवसाच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरला होता.

तरीही २३ मे १९४९ रोजी घटना समितीत मसुद्याचा अनुच्छेद १०२ चर्चेला आला तेव्हा वटहुकुमाच्या अधिकाराचे समर्थन त्यांनीच केले. हृदयनाथ कुंझरूंसारख्या सदस्यांना मुदत आणखी आखडायला हवी होती. आंबेडकरांचे म्हणणे थोडक्यात असे : जुना गव्हर्नर जनरल विधिमंडळ चालू असतानाही, त्याला न जुमानता, कायदा करू शकत होता, हा अधिकार तसा नाही. संसद भरलेली नसताना अचानक असा प्रसंग आला की प्रचलित कायदा अपुरा पडतो, तर काय करायचे? त्यासाठीची ही सोय आहे, आणि शेवटचा शब्द संसदेचाच राहतो.

युक्तिवाद नेमका होता. त्यात एक गृहीत होते, ते म्हणजे सरकार संसदेपुढे वेळेवर जाईल. ते गृहीत किती ठिसूळ आहे हे दाखवून दिले पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी. बिहारमधल्या जमीन व्यवस्थेचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले की तिथे वटहुकूम संपायला आला की तोच पुन्हा काढला जातो. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ वटहुकूम जिवंत ठेवले गेले होते, काही तर चौदा-चौदा वर्षे. त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयात दादही मागितली. डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायालयाने या रीतीला घटनेशी केलेली लबाडी ठरवले. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी पुढे जाऊन सांगितले की वटहुकूम सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक आहे. तो ठेवलाच नाही तर त्याखाली मिळालेले हक्क आपोआप टिकतात असे नाही. बहुमताचा निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला होता.

‘व्यवस्थापन’ आणि ‘मालकी’

आता १९८३ कडे परत येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. तंटा पगाराचा होता तसाच एका कायदेशीर संज्ञेचाही होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमानुसार मालकांशी बोलण्याचा हक्क ‘प्रातिनिधिक संघटने’चा, आणि ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले होते, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांचा प्रतिनिधी दुसराच होता. या एका संज्ञेमुळे वाटाघाटीचे टेबलच मांडले गेले नाही.

वटहुकुमाच्या जागी आलेल्या अधिनियमाच्या उद्देशिकेत जे लिहिले आहे ते गिरणगावाने चौकटीत लावून ठेवावे असे आहे. या गिरण्यांचा कारभार बिघडल्याने त्यांची आर्थिक स्थिती जानेवारी १९८२ चा संप सुरू होण्याआधीच पूर्णपणे असमाधानकारक झाली होती आणि संपानंतर ती आणखी खालावली, असा तिचा आशय आहे. संपाने गिरण्या बुडवल्या हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते इतिहास वाटू लागले आहे. निदान या तेरा गिरण्यांपुरते तरी संसदेने कायद्यातच उलटा क्रम नोंदवला आहे : आधी गैरकारभार, मग संप.

पण ताब्यात घेतले ते फक्त व्यवस्थापन. मालकी कंपन्यांकडेच राहिली. कारखाना सरकारने चालवायचा, पैसा सरकारने ओतायचा, आणि यंत्रे, इमारती, जमीन कागदोपत्री जुन्या मालकाची. भाडेकरूला घराची दुरुस्ती करायला सांगावी आणि घर मात्र त्याचे नाही हे रोज आठवण करून द्यावी, तशी ही स्थिती. मोठी गुंतवणूक करावी तर मालकीचा प्रश्न लोंबकळत. नाही करावी तर गिरणी मोडकळीला. मालकांनी ताब्याला न्यायालयात आव्हान दिले. सीताराम मिलच्या प्रकरणात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. एल्फिन्स्टन कंपनीच्या खटल्यात घटनापीठाने १९८३ चा कायदा वैध ठरवला तेव्हा २००१ साल उजाडले होते. दरम्यान संपात बाहेर राहिलेल्या हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेले नव्हते आणि अनेक जण निवृत्तीच्या वयापलीकडे गेले होते.

‘होईपर्यंत’ संपले जून १९९५ मध्ये, आणि तेही आणखी एका वटहुकुमाने. त्याच वर्षी त्याचा अधिनियम झाला. यात दोन संज्ञा महत्त्वाच्या. पहिली ‘नियत दिन’. कायदा १९९५ चा, पण राष्ट्रीयीकरणाचा नियत दिन ठरवला १ एप्रिल १९९४. कायदा असा मागे चालत जाऊ शकतो. आधीच्या आजारी गिरण्यांच्या बाबतीत १९७४ मध्येही हेच झाले होते : वटहुकूम सप्टेंबरचा, नियत दिन १ एप्रिलचा. दुसरी संज्ञा ‘निहित होणे’. नियत दिनी मालकाचे हक्क केंद्र सरकारकडे आणि तिथून राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे निहित झाले. या हक्कांत जमीन आली.

ही जमीन किती मोलाची आहे हे दहा वर्षांनी कळले. २००५ मध्ये महामंडळाने मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. दादरच्या कोहिनूर क्रमांक ३ ला ४२१ कोटी रुपये आले. कामगारांचे हित आणि कापडाचे उत्पादन यांसाठी तातडीने ताब्यात घेतलेली गिरणी शेवटी भूखंड म्हणून उरली. निहित होणे म्हणजे नेमके कोणाकडे, हा वाद त्यानंतरही चालू राहिला. भाडेपट्ट्याने घेतलेल्या मिळकतींबाबत २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महामंडळाच्या विरुद्ध गेला, तेव्हा ऑक्टोबर २०१४ मध्ये पुन्हा वटहुकूम निघाला. त्याच्या नावात ‘सुधारणा’ आणि ‘विधिग्राह्यीकरण’ असे दोन्ही शब्द होते. विधिग्राह्यीकरण म्हणजे झालेल्या गोष्टीला मागाहून कायद्याचा आधार देणे.

गाजावाजा न झालेला बदल

इतके सांगितल्यावर वटहुकूमच गिरणगावाच्या मुळावर आला असे वाटेल. ते तसे नाही. वटहुकुमाला निदान आवाज असतो. वर्तमानपत्रात मथळा येतो, विरोधक ओरडतात, सहा आठवड्यांचे घड्याळ टिकटिकत असते आणि सभागृहाला त्यावर बोलावेच लागते. गिरण्यांच्या जमिनीचा खरा निकाल लागला तो उतरंडीतल्या फार खालच्या पायरीवर.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीच्या वाटणीची सोय केली होती : ढोबळमानाने एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २० मार्च २००१ च्या अधिसूचनेने हा नियम बदलला. आता वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची; जिथे शेड उभ्या होत्या आणि पाडल्यावर जी जागा रिकामी होणार होती ती या हिशेबातून निसटली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? शेड, गोदामे, खाते, चिमणी यांनीच तर ते भरलेले असते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये हा अर्थ नाकारला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. शहराला आणि म्हाडाला मिळायच्या जमिनीचा मोठा भाग एका विशेषणाने गेला. त्यासाठी ना वटहुकूम लागला, ना विधेयक, ना विधानसभेतले मतदान.

१९२९ मध्ये वटहुकुमाने सभागृहाला वळसा घातला. १९८३ च्या वटहुकुमाने घाईघाईत अर्धे काम केले आणि उरलेले अर्धे बारा वर्षे तसेच राहिले. २००१ मध्ये सभागृहापर्यंत जाण्याची गरजच पडली नाही. तीन तऱ्हा, परगणा एकच.

म्हणून सरकारी कागद हाती आला की आधी त्याची जात ओळखावी. अध्यादेश असेल तर अधिवेशन कधी भरते ते पाहावे आणि तो सभागृहापुढे ठेवला का, हे आपल्या आमदाराला विचारावे. अधिनियम असेल तर उद्देशिका आणि नियत दिन वाचावा. अधिसूचनेने नियम बदलणार असेल तर हरकती-सूचनांची मुदत बघावी, कारण नागरिकाला बोलायला मिळते ते एवढ्याच खिडकीतून, आणि ती बहुधा रिकामी जाते. कोणत्याही कागदात ‘ताबा’ लिहिले आहे की ‘मालकी’, ‘जमीन’ की ‘मोकळी जमीन’, आणि ‘होईपर्यंत’च्या पुढे तारीख आहे की नाही, हे बोट ठेवून तपासावे. १९८३ च्या त्या कागदावर तारीख नव्हती.